तात्या, माझ्या चपला कुठं आहेत?

तात्या, आधी एवढं सांगा, माझ्या चपला तुम्ही कुठं ठेवल्यात?

हसू नका. माणूस जाऊन पंधरवडा होत नाही तोवर असलं काही विचारू नये, हे मलाही कळतं. पण तुमच्या मळ्यातली एक जागा मी शोधायची सोडली नाही. कडब्याची गंजी बघितली, बैलांच्या गव्हाणीत हात घातला, चुलीमागचा सरपणाचा ढीग उपसला. वहिनींना वाटलं, पाहुण्यांचं डोकं फिरलं. मीही नाही म्हणालो नाही.

पाहुण्याच्या चपला लपवायच्या ही तुमची जुनी खोड. आला माणूस त्याच दिवशी परत निघाला की तुम्ही गोड बोलून त्याला ताकाचा पेला द्यायचात, आणि तो पेला खाली ठेवीपर्यंत दारातलं पायताण गायब. बैलगाडीनं आलेल्याच्या जुवाची शिवळ काढून ठेवायचात, म्हणजे बैल जुंपायलाच नकोत. कुणी विचारलं तर कानावर हात. "कुत्र्यानं न्हेलं आसंल," म्हणायचात, आणि घरात कुत्रंच नव्हतं. बारामतीच्या पंचक्रोशीत तुमच्या घरून अनवाणी गेलेली माणसं पुष्कळ निघतील. पण मी तुमचा मेहुणा, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्या वाट्याला हे दर खेपेला.

आणि याच माणसानं मधमाश्यांच्या पेट्यांची दारं कायम उघडी ठेवली. हेच मला आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तर पुढचा सगळा घोळ झाला नसता.

तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा त्या पेट्यांपाशी आलो तो दिवस? लग्नानंतरची पहिली संक्रांत. इंदापुराहून एसटीनं उतरलो तो नवा जावई म्हणून नटूनथटून. तुमच्या आईनं ओवाळलं, हातात हळदीकुंकवाच्या बोटांनीच हिन्याच्या अत्तराचा फाया दिला आणि कानात ठेवायला लावला. डोक्याला वासाचं तेल तर मी घरूनच चोपडून आलो होतो. सासुरवाडीत रुबाब पाहिजे ना. आणि तुम्ही म्हणालात, चला पावणं, मळा दाखवतो.

आंब्यांच्या ओळीखाली लाकडी पेट्या. प्रत्येक पेटी चार पायांच्या घोडीवर, आणि घोडीचा एकेक पाय पाण्याच्या वाटीत, मुंग्या चढू नयेत म्हणून. पलीकडं कांद्याला बियांसाठी गोंडे धरलेले, त्यापुढं लसूणघास, आणि त्यावर नुसता गुणगुणाट. मला वाटलं, देवळात शिरल्यासारखं वाटतंय, तेवढ्यात पहिली माशी कानाला लागली. मग दुसरी. मग मी मोजायच्या मनःस्थितीत नव्हतो. नवं धोतर सावरत मी पाटाकडं पळालो, तुम्ही मागून पळालात, मला मानेला धरून पाण्यात वाकवलंत आणि माझं डोकं मातीनं खसाखसा घासलंत, म्हैस धुवावी तसं. अत्तराचा फाया वाहून गेला तेव्हा कुठं तुम्ही बोललात.

"पावणं, तुमच्यावर न्हाय त्यांचा राग. त्या वासावर हाय. आता चला माघारी."

माझा कान भज्याएवढा झाला होता आणि तुम्ही म्हणता माघारी चला. दुसरा कुणी असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण सासुरवाडी, पहिला सण, आणि घरात जाऊन काय सांगणार, मेहुणा माशीला भ्याला? गेलो. तुम्ही माशीची नांगी नखानं खरवडून काढलीत. चिमटीनं ओढायची नाही, विष आत पिळलं जातं, म्हणालात. मग धुराड्यात गोणपाटाचा तुकडा आणि गोवरीचा चुरा पेटवून माझ्या हातात दिलंत. फुंकर हळू मारा, त्यांना झोपवायचं न्हाय, नुसतं गप करायचं. मी हळू मारली. तुम्ही झाकण उचललंत.

आतली पोळ्याची एक लाकडी चौकट तुम्ही माझ्या उघड्या हातांत दिलीत तो क्षण मी अजून विसरलो नाही. मी समजत होतो, मध म्हणजे थंड काहीतरी असेल. ती कोमट होती. जिवंत माणसाच्या अंगासारखी कोमट, आणि लाकडातून ती गुणगुण माझ्या मनगटात येत होती. दोन्ही बाजूंनी माश्या, एकीवर एक. तुम्ही खालून आपले हात लावले नाहीत, नुसते जवळ धरलेत. पडली असती तर धरली असतीत, हे मला दिसत होतं. पुष्कळदा मला वाटतं, तुमचं माझं नातं तिथंच ठरलं, बहिणीच्या लग्नात नव्हे.

मग तुम्ही राणी दाखवलीत. लांबट, काळसर, बाकीच्या तिला वाट करून देत होत्या. आणि माझं लक्ष आंब्याच्या बुंध्यात ठोकलेल्या खिळ्याकडं गेलं. त्यावर पत्र्याच्या बारीक बारीक जाळ्या टांगलेल्या, गंजलेल्या. या कशाला, मी विचारलं. तुम्ही सांगितलंत, पेटीच्या दाराला लावायच्या. कामकरी माश्या त्यातून ये-जा करतात, राणी अंगानं मोठी, ती अडते. राणी अडली की बाकीच्याही राहतात. उन्हाळ्यात फुलं सरली, ऊन वाढलं, की सगळं बिऱ्हाड पेटी सोडून उठून जातं, ते त्यानं थांबतं.

मग लावत का नाही?

"जायाचं आसंल तर जाऊ द्यावं की, पावणं. आडवून ठिवल्याल्या घरात काय गोडी?"

त्याच दिवशी सांजच्याला माझ्या चपला नाहीशा झाल्या.

त्यावरून आपण किती वर्षं भांडलो, तात्या. दर खेपेला मी तेच काढायचो. माशीला दार उघडं आणि मेहुण्याला कोंडून ठेवायचं, हा कुठला न्याय? तुम्ही कधी म्हणायचात, माश्या परत येतात, तुमचं सांगता येत नाही. कधी म्हणायचात, माशी शहाणी हाय, मेहुणा न्हाय. एका उन्हाळ्यात तुमच्या निम्म्या पेट्या रिकाम्या झाल्या तरी तुम्ही जाळीला हात लावला नाहीत. रामभाऊ, तुमचे धाकटे बंधू, त्या पेट्या बघून डोकं धरून बसले होते. तुम्ही त्या धुऊन उन्हात ठेवल्यात, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा कुठल्या तरी ढोलीतून माश्या आणून भरल्यात.

नरसिंहपूरच्या देवाला पहिला मध घेऊन आपण जायचो, तिथंही तुमचं हेच. अभिषेक झाला की संगमावर बसायचो. तुम्ही नीरेकडचे, मी भीमेकडचा. मी म्हणायचो, बघा, तुमची नीरा इथं संपली, पुढं नाव आमच्या भीमेचंच. तुम्ही पाण्यात पाय सोडून म्हणायचात, नाव तुमी ठिवा, पाणी आमचं हाय. तुमच्या अस्थी तिथं सोडल्या तेव्हा मी मुद्दाम बघत राहिलो, कुठल्या अंगाला जातात. काही समजलं नाही.

राग येतो तुमचा, पण तो टिकत नाही. आमची थोरली झाली तेव्हा तुम्ही उन्हातान्हात बाटली उराशी धरून आलात, आणि सोन्याच्या अंगठीनं तिच्या जिभेला मध लावलात. पोर मिटक्या मारायला लागली तसे तुम्ही रडलात. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालात, धूर गेला डोळ्यात. आमच्या घरात तेव्हा चूल विझलेली होती. तिला खोकला झाला की एसटीच्या ड्रायव्हराकडून बाटली यायची, वर चिंधीचं बूच. गेल्या महिन्यात आलेली अजून अर्धी आहे. तुमची बहीण ती कुणाला उघडू देत नाही.

आणि शेवटची भेट. गुढीपाडव्याला आलो होतो. दुसऱ्या दिवशी इंदापुरात कचेरीत माझी तारीख होती, राहणं शक्यच नव्हतं. म्हणून या खेपेला मी पिशवीतून चपलांचा दुसरा जोड आणला होता. तुम्ही नेहमीसारखा ताकाचा पेला दिलात, चपला गेल्या, आणि मी शांतपणे पिशवीतून नवा जोड काढून पायांत घातला. सगळं घर हसलं. तुम्ही हसला नाहीत, तात्या. तुम्ही माझ्या पायांकडं बघत राहिलात.

"ह्ये काय बरुबर न्हाय, पावणं," म्हणालात.

मी म्हटलं, तो जोड असू द्या तुमच्याकडं, पुढच्या खेपेला नेतो. तोच जोड मी इतके दिवस शोधतोय. त्या खेपेला आलो तेव्हा तुम्ही अंगणात आडवे होता. दुपारी जेवून आंब्याखाली लवंडलात, उठलाच नाहीत, एवढंच मला सांगितलं. आजारी नाही, काही नाही. एवढी घाई कशाची होती? मला घटकाभर थांबवायला शिवळ काढून ठेवणारा माणूस असा कसा निघतो, हे मला कळत नाही.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात तुमचाच हात आहे असं मला वाटतं.

तुमचा मध देवाच्या अभिषेकाला जातो, म्हणून सुतक फिटेपर्यंत घरच्या कुणी पेट्यांना शिवायचं नाही, असं भावकीनं ठरवलं. मग कोण? पाहुण्याला सुतक नाही. सगळ्यांची नजर माझ्याकडं. मी वांगी आणि पेरू पिकवणारा माणूस, माशीशी माझा संबंध तेवढ्या चार-दोन दिवसांचा. पण वैशाखाचं ऊन, शिवारात फूल नाही, माश्या उपाशी. मी साखरेचा पाक करवंट्यांत घालून, त्यात बुडून मरू नयेत म्हणून काड्या टाकून, पेट्यांत ठेवत गेलो. वाट्यांत पाणी भरलं. अत्तर नव्हतं लावलं, तरी एक पापणीला डसली. डोळा टम्म सुजला. भेटायला येणारी माणसं म्हणायची, पाहुण्यांनी रडून रडून डोळा सुजवून घेतलाय. एकाच डोळ्यानं कोण रडतं, हे कुणी विचारलं नाही.

पाटाकडच्या टोकाची पेटी मात्र बिघडली. तीच, जिची चौकट तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातात दिली होतीत. पाक तसाच राहायचा. माश्या आत न जाता दारावर घोळका करून बसायच्या. रामभाऊ लांबून बघून म्हणाले, या उठणार. लावा जाळी. मी म्हटलं, तात्या लावत नव्हते. ते म्हणाले, तात्या हायेत का आता? घरातला माणूस गेला, मागनं माश्या बी गेल्या तर लोक काय म्हणतील, या घराची लक्ष्मीच उठली. वहिनींनी कुणाकडं बघायचं?

ते चुकीचं बोलत नव्हते. मीही चुकीचं बोलत नव्हतो. तुम्ही एकदा तरी सांगून ठेवायचं होतंत.

दहाव्याला कऱ्हेच्या पात्रात गेलो. पाणी कसलं, एक डबकं. पिंड ठेवले. समोर बाभळीवर कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. ऊन तापायला लागलं. रामभाऊ हात जोडून म्हणाले, वहिनींना अंतर देणार नाही. कावळे जागच्या जागी. लेकींची माहेरपणं करू. नाही. आंब्याची झाडं तोडणार नाही. नाही. भटजी सावली शोधायला लागले. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण तुमच्या मनातलं मला ठाऊक असणार असा सगळ्यांचा समज. मी पुढं झालो. मला जे वाटत होतं ते मी बोललो, आणि नेमकं त्याच वेळी रामभाऊंनाही तेच सुचलं.

"तात्या, जाळ्या लावू देणार न्हाय," मी म्हणालो.

"तात्या, जाळ्या लावतो, येक माशी जाऊ देत न्हाय," रामभाऊ म्हणाले.

दोघांचं बोलणं एकातच आलं, आणि कावळा झपकन उतरून पिंडाला शिवून गेला.

आता सांगा. कुणाचं ऐकून शिवलात? आम्ही दोघं ओल्या पंच्यांत एकमेकांकडं बघत उभे. भटजींना विचारलं, तर ते पोथी बांधत म्हणाले, शिवला ना, झालं. परत येताना रस्ताभर रामभाऊ म्हणत होते, माझ्या शब्दाला आला. मी म्हणत होतो, माझ्या. घरी येईपर्यंत आमचं बोलणं बंद झालं होतं.

मी वहिनींकडं गेलो. त्या जात्याजवळ बसल्या होत्या. म्हटलं, वहिनी, तुम्हीच सांगा, दारं उघडी का ठेवायचे ते? इतकी वर्षं तुम्ही सोबत काढलीत.

"मला कधी बोललं न्हाईत," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुमाला सांगत्यात."

आणि मला वाटायचं, तुम्ही त्यांना सांगता.

तेराव्याची पंगत उठली तसे रामभाऊ माझ्याजवळ आले. हातात जाळी, खिळे, हातोडी. भांडायचा जोर त्यांच्यात राहिला नव्हता. म्हणाले, सुतक फिटलं आता, मी लावली असती, पण त्यांची पेटी, तुमच्या हातानं लागू दे. मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगतो, तोवर मलाही वाटायला लागलं होतं की लावावी. एक माणूस गेला तेवढं पुरे. मी पेटीपुढं उकिडवा बसलो, जाळी दाराशी धरली, आणि आतून आवाज आला.

तुम्ही तो पुष्कळदा ऐकला असणार, मी पहिल्यांदाच ऐकला. गुणगुण नव्हे, घोंघावत भरून येणारं काहीतरी. माश्या दारातून सांडायला लागल्या. माझ्या हातांवरून, गुडघ्यांवरून, एकीनंही डंख केला नाही. मग राणी आली. दारात क्षणभर थांबली. जाळी माझ्या हातात, दोन बोटं पुढं केली असती की झालं होतं.

मी थांबलो, तात्या. मला वाटलं, तुम्ही मागून काहीतरी बोलाल. लावा म्हणा, नाहीतर जाऊ द्या म्हणा. मी खरंच वाट बघितली. तुम्ही बोलला नाहीत, आणि ती उडाली. सगळा थवा आंब्याभोवती एक फेरा घेऊन पाटापलीकडं गेला. मी सोडल्या की त्या गेल्या, हे मला अजून सांगता येत नाही.

रामभाऊ मागं येऊन उभे राहिले होते. गेल्या, त्यांनी विचारलं. गेल्या, मी म्हटलं. मला वाटलं आता बोलतील. ते खाली बसले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या सगळ्या पेट्यांना जाळ्या ठोकल्या. खिळे मी देत होतो. एक पेटी तुमच्या मताची झाली, बाकीच्या त्यांच्या. बरोबर काय ते तुम्हीच ठरवा, माझं डोकं चालत नाही.

एसटीची वेळ झाली. मी पिशवी घेतली, सगळ्यांच्या पाया पडलो. कुणी राहा म्हणालं नाही. दमली होती सगळी, आणि मीही पुष्कळ दिवस राहिलो होतो. सावकाश जावा, म्हणाले. तुमची बहीण आणखी आठ दिवस तिथंच राहणार होती. मी दाराशी आलो.

माझ्या चपला उंबऱ्याशी होत्या. जशा काढल्या होत्या तशाच, एक जराशी तिरकी. एवढ्या वर्षांत त्या घराच्या दारात, निघायच्या वेळी, मला माझ्या चपला पहिल्यांदाच दिसल्या.

मी त्यांच्याकडं किती वेळ बघत होतो ते ठाऊक नाही. मग इकडंतिकडं बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. चपला उचलल्या, आंब्याखाली गेलो, त्या रिकाम्या झालेल्या पेटीत ठेवल्या आणि वर झाकण लावलं. आत मेणाचा वास अजून होता. अनवाणीच माघारी आलो.

"वहिनी," मी म्हटलं, "माझ्या चपला दिसत न्हाईत. आज काय जाता येत न्हाय."

वहिनींनी माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघितलं. मग दाराकडं बघितलं. पदर तोंडाशी नेला.

"ह्यांचंच काम हाय त्ये," त्या म्हणाल्या, आणि ताक घुसळायला आत गेल्या.